वादळ यायच्या आधी दुसरा नंबर घेऊन ठेवा

मे उजाडला की अरबी समुद्रात काही ना काही शिजायला लागतं, म्हणून आत्ताच लिहून टाकते. ज्यांचे मित्र, सोयरे श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, हर्णै या पट्ट्यात राहतात आणि वादळ गेल्यावर ज्यांना लांबून, शहरातून त्यांची खबर घ्यायची असते, त्यांच्यासाठी ही तयारी. टॉर्च, मेणबत्त्या, पिण्याचं पाणी हे त्यांना शिकवू नका, आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. तयारी करायची आहे ती आपली.

आधी दुसरा फोन नंबर घ्या. त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाचा नव्हे, दुसऱ्या गावातल्या माणसाचा.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ दुपारी दिवेआगरच्या जवळ किनाऱ्यावर आदळलं. वारा ताशी 110-120 किलोमीटर. माझी मैत्रीण तिथून जवळच राहते. चारच्या सुमाराला वाटलं, आत्ता बिचारी कौलं गोळा करत असेल, रात्री निवांत बोलू. हा पहिला गाढवपणा. वीज गेली तरी मोबाईलचा टॉवर काही तास बॅटरीवर तग धरतो आणि मग मान टाकतो. बोलायचं तर त्या काही तासांतच. रात्री नऊला लावला तर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. तिच्या नवऱ्याचा लावला, सासऱ्यांचा लावला, लेकीचा लावला. चार नंबर, आणि चारही त्याच मेलेल्या टॉवरवर! उठून जावं तर लॉकडाऊन, ई-पासशिवाय जिल्हा ओलांडायची सोय नाही. चौथ्या दिवशी कळलं की सगळे सुखरूप आहेत आणि माणगावला तिच्या मावशीकडे तसा निरोप दुसऱ्याच दिवशी पोचला होता. त्या मावशीकडे मी दोनदा जेवले आहे, फणसाची सांदणं डबा भरून घरी आणली आहेत. नंबर तेवढा घेतला नव्हता.

म्हणून परत सांगते, दुसरा नंबर. महामार्गावरच्या गावातली मावशी, मासळीचा टेम्पोवाला, सुपारी उचलणारा व्यापारी, कोणीही चालेल, फक्त टॉवर वेगळा हवा आणि त्या घराशी जाणं-येणं हवं. मे महिन्यात एकदा लावून बघा, लोक सिम बदलतात. ‘मी अमक्याची मैत्रीण, वादळबिदळ झालं तर तुम्हाला त्रास देईन’ एवढं सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी अनोळखी नंबर म्हणून कट करतील. मैत्रिणीलाही सांगा, ‘रेंज आली की आधी मावशीला कळव’. आणि हे सगळं कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

मग, फोन कोण करणार ते ठरवा. आमच्या ग्रुपमध्ये अकरा जणी, अकराही जणींनी सपाटा लावला. तिकडे ती तिसऱ्या दिवशी खिंडीपर्यंत चढून गेली, फोनला 14 टक्के चार्जिंग, रेंज आली आणि आमच्या मिस्ड कॉलचे मेसेज टणटण आदळायला लागले. त्यातच आमचे नवे कॉल येतच होते. तिनं एक नंबर लावेपर्यंत फोन बंद. म्हणून फोन एकीनंच करायचा, बाकीच्यांनी तिला विचारायचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका टिककडे बघत बसू नका, साधा एसएमएस टाका, ‘ठीक असाल तर फक्त 1 पाठव’.

फोन लागलाच तर काय काय गेलं हे विचारू नका. माणसं बरी आहेत ना, डोक्यावर छप्पर आहे का, पाणी कुठून आणता? विहीर दारात असली तरी विजेशिवाय पंप चालत नाही. आणि झाडं तोडून वाट मोकळी करण्याआधी फोटो काढून ठेवायला सांगा, पडलेली प्रत्येक सुपारी, प्रत्येक माड. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत वाडी साफ झालेली असते आणि मग वाद होतात. वाड्या गुंठ्यांत आणि भरपाई हेक्टरी, तिथे आधीच हात आखडता असतो.

पाठवायचं तर ताडपत्री, दोरी, पॉवर बँक, रोख पैसे. वीज नाही म्हणजे एटीएम नाही आणि फोनवरून पैसे पाठवून उपयोग नाही. जुने कपडे नकोत. प्लीज नकोत. जायचं तर विचारून, आपला डबा घेऊन, संध्याकाळी परत. महिन्याभरानं पुन्हा फोन करा, वीज यायलाच कित्येक आठवडे लागतात.

मावशीचा नंबर आता माझ्या मोबाईलमध्ये आहे. कागदावर अजून उतरवलेला नाही. उठते.