डाव गेला, पण नेमकं काय गेलं? रोगलाइक कार्ड गेममध्ये या चुका टाळा

‘स्ले द स्पायर’ हा रोगलाइक, म्हणजे हरलात की पहिल्यापासून सुरू करावा लागणारा, कार्ड गेम नव्याने हाती घेतलेला माणूस चार-पाच डाव हरला की हमखास विचारतो, “सगळं पुन्हा पहिल्यापासून? मग एवढा वेळ खेळून कमावलं काय?” प्रश्न अगदी रास्त आहे. चाळीस मिनिटं जमवलेला डेक (कार्डांचा गठ्ठा), रेलिक (डावभर फायदा देणाऱ्या वस्तू), सोनं एका बॉसने (टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूने) मातीत घातलं की चिडचिड होणारच. पण या खेळांत सगळं नुकसान एकाच मापाचं नसतं. काही गोष्टी लढाई संपली की आपोआप परत येतात, काही त्या डावापुरत्या कायमच्या जातात, आणि काही कितीही हरलात तरी तुमच्याच राहतात. नवे खेळाडू ज्या चुका करतात त्यांतल्या बहुतेक इथेच होतात: कोणतं नुकसान किती काळ टिकणार आहे याचा अंदाज चुकतो.

या खेळांना दोन वारसे आहेत. मेलात की सगळं संपलं, हा नियम १९८०च्या ‘रोग’ या संगणक खेळाचा. खेळता खेळताच डेक बांधत जायचा ही कल्पना २००८च्या ‘डोमिनियन’ या टेबलावरच्या खेळाने लोकप्रिय केली. अँथनी जियोव्हानेट्टी आणि केसी यानो यांच्या मेगा क्रिटने ‘स्ले द स्पायर’ नोव्हेंबर २०१७मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (अपूर्ण असतानाच) आणला, जानेवारी २०१९मध्ये पूर्ण केला, आणि तिथून हा प्रकार घरोघरी पोचला. पुढे ‘मॉन्स्टर ट्रेन’ आला, फेब्रुवारी २०२४मध्ये पोकरवर बेतलेल्या ‘बलाट्रो’ने तर कहरच केला. खाली मुख्यतः स्पायरची उदाहरणं आहेत, कारण हे हिशेब तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतात.

चूक: एचपी जिवापाड जपणं

स्पायरमधला आयर्नक्लॅड हा योद्धा ८० एचपी (जीवनशक्ती) घेऊन सुरुवात करतो. त्याचं पहिलं रेलिक बर्निंग ब्लड प्रत्येक लढाईनंतर ६ एचपी परत देतं. नकाशावरच्या शेकोटीवर विश्रांती घेतली की कमाल एचपीच्या ३० टक्के मिळतात. अंकाचा (खेळाच्या एका भागाचा) बॉस मारला की पुढच्या अंकात तुम्ही पूर्ण भरून जाता (असेन्शन या वाढत्या अवघडपणाच्या टप्प्यांपैकी ५व्यापासून गमावलेल्या एचपीपैकी ७५ टक्केच भरतात). म्हणजे एचपी ही खेळातली सगळ्यात लवकर भरून निघणारी गोष्ट आहे. तरीही नवा खेळाडू नकाशावर एलिट (नेहमीपेक्षा बलवान शत्रू) दिसला की वळसा घालतो, शेकोटी दिसली की झोपतो, आणि पहिल्या बॉससमोर ठणठणीत तब्येतीने पण कमकुवत डेक घेऊन उभा राहतो.

हेक्साघोस्ट या पहिल्या अंकाच्या एका बॉसचं उदाहरण नीट बघा. पहिल्या अंकाचा बॉस कोण हे नकाशावर सुरुवातीपासून दिसत असतं, त्यामुळे हा हिशेब आधी मांडता येतो. पहिल्या पाळीत तो काही करत नाही. दुसऱ्या पाळीत सहा वार करतो आणि त्या वारांची ताकद तुमच्या एचपीवर ठरते: त्या क्षणीच्या एचपीला १२ने भागायचं, पूर्णांक घ्यायचा, एक मिळवायचा.

समजा बॉसच्या आधीच्या शेकोटीवर तुमच्याकडे ४८ एचपी आहेत. झोपला नाहीत तर एकेक वार ५चा, सहा वारांचे ३०, उरले १८. झोपलात तर ७२ होतात. आता एकेक वार ७चा, सहा वारांचे ४२, उरले ३०. हातात २४ एचपी आल्यासारखे वाटले, पण प्रत्यक्षात १२च मिळाले. त्याऐवजी शेकोटीवर बॅश हे हल्ल्याचं कार्ड अपग्रेड केलं (सुधारलं) असतं तर त्याचं नुकसान ८वरून १० झालं असतं, व्हल्नरेबल (शत्रूला जास्त इजा होण्याची अवस्था) दोनाऐवजी तीन पाळ्या टिकलं असतं, आणि हा फायदा डाव संपेपर्यंत सोबत राहिला असता. अर्धी वसूल होणारी विश्रांती की डावभराचं अपग्रेड, हा खरा सौदा आहे. स्लाइम बॉस असेल तर गणित बदलतं. त्याचा मोठा दणका ३५चा, तो तुमच्या तब्येतीकडे बघत नाही. तिथे एचपी कमी असतील तर झोपणंच बरं.

एलिटचंही तसंच. ग्रेमलिन नॉब या एलिटशी भिडलात की दहा-पंधरा एचपी जाणार हे धरून चाला. त्या बदल्यात रेलिक मिळतं, आणि रेलिक उरलेल्या प्रत्येक लढाईत कामाला येतं. फक्त नॉबसमोर स्किल कार्ड (डिफेंडसारखं) टाकू नका, प्रत्येक स्किलमागे त्याची ताकद २ने वाढते. पहिल्या अंकात हल्ल्याची दोन चांगली कार्डं हाताशी नसतील तर एलिट टाळा. एरवी भिडा.

चूक: मिळेल ते कार्ड उचलणं

ही मला सगळ्यात महागडी चूक वाटते, कारण ती चूक वाटतच नाही. लढाई जिंकली, तीन कार्डं समोर आली, एक घेतलं. यात गेलं काय? गेलं ते असं. आयर्नक्लॅडचा डेक १० कार्डांचा: पाच स्ट्राइक, चार डिफेंड, एक बॅश. दर पाळीला पाच कार्डं हातात येतात, म्हणजे दोन पाळ्यांत अख्खा डेक फिरतो. तोच डेक ३० कार्डांचा झाला की एक फेरी पुरी व्हायला सहा पाळ्या लागतात, आणि बऱ्याच लढाया त्याआधीच संपलेल्या असतात. तुमचं सर्वांत चांगलं कार्ड तळाशी पडून राहतं.

गेलेले एचपी उद्या परत येतील, घेतलेलं सुमार कार्ड मात्र डाव संपेपर्यंत हातात येत राहणार. ते काढायचं तर व्यापाऱ्याकडे ७५ सोनं मोजा, पुढच्या वेळी १००, त्यापुढे १२५. म्हणून ‘स्किप’चं (एकही कार्ड न घेण्याचं) बटण आहे हे लक्षात असू द्या. त्याचा अर्थ असा नाही की डेक बारीकच ठेवायचा. पहिल्या अंकाच्या सुरुवातीला हल्ल्याची कार्डं घ्यावीच लागतात, नुसत्या स्ट्राइकवर निभाव लागत नाही. पण प्रत्येक वेळी स्वतःला विचारा: हे कार्ड पुढच्या एलिटसाठी हवंय, की समोर आलंय म्हणून घेतोय?

चूक: लढाईपुरतं आणि डावभराचं यांत गल्लत

सेंट्री हे एलिट तुमच्या डेकमध्ये ‘डेझ्ड’ हे निरुपयोगी कार्ड टाकतात, हेक्साघोस्ट ‘बर्न’ टाकतो. नवा खेळाडू घाबरतो, डेक कायमचा नासला असं त्याला वाटतं. ही स्टेटस कार्डं लढाई संपली की नाहीशी होतात. लगाव्हुलिन या एलिटने उतरवलेली ताकदही त्या लढाईपुरतीच. उलट प्रसंगांमधून मिळणारी कर्स (त्रासदायक) कार्डं डावभर राहतात. पॅरासाइट हे कर्स तर काढून टाकायला गेलात तरी कमाल एचपीतून ३ नेतं. प्रश्नचिन्हाच्या खोलीत ‘सोनं घ्या, कर्स घ्या’ असा पर्याय आला तर सोन्याच्या आकड्याबरोबर व्यापारी किती दूर आहे तेही बघा.

मिळकतीतही हाच घोळ होतो. ‘आर्मामेंट्स’ हातातलं कार्ड अपग्रेड करतं, पण त्या लढाईपुरतं. ते शेकोटीच्या अपग्रेडची जागा घेत नाही. ‘फ्लेक्स’ची ताकद तर पाळी संपताच उतरते. ‘फ्रूट जूस’ (हा एक पोशन, म्हणजे एकदाच वापरायचं पेय) मात्र कमाल एचपी ५ने वाढवतो आणि वाढ डावभर टिकते, तेव्हा तो जपून ठेवण्यात काहीच अर्थ नाही, मिळाला की प्या. एकूणच पोशन साठवू नका. जागा तीनच. त्या भरलेल्या असतील तर नव्या पोशनला जागा करायला जुनं एखादं वाया घालवावं लागतं. तीन पोशन खिशात ठेवून एलिटच्या हातून मरणं यासारखं टाळता येण्याजोगं नुकसान दुसरं नाही.

‘बलाट्रो’त हाच फरक बॉस ब्लाइंडमध्ये (खास अडचण आणणाऱ्या फेरीत) दिसतो. ‘द हूक’ प्रत्येक हँडनंतर (खेळलेल्या पत्त्यांच्या जोडणीनंतर) तुमचे दोन पत्ते टाकून देतो. त्रास होतो, पण ते पत्ते पुढच्या फेरीत परत येतात. ‘द आर्म’ मात्र तुम्ही खेळलेल्या पोकर हँडची पातळी एकने उतरवतो, आणि ती उतरलेलीच राहते. हूकसमोर नेहमीची हँड बिनधास्त खेळा. आर्मसमोर शक्य असेल तर जिची पातळी वाढवलेलीच नाही अशा हँडवर वेळ मारून न्या, कारण पहिल्या पातळीच्या खाली तो नेऊ शकत नाही.

पैशांबद्दल थोडं. बलाट्रो फेरीअखेर दर ५ डॉलरमागे १ डॉलर व्याज देतो, जास्तीत जास्त ५. म्हणून लोक २५ डॉलर गाठतात आणि मग त्याला हात लावायलाच तयार होत नाहीत. २७ डॉलर असताना ६चा चांगला जोकर (खास फायदा देणारं कार्ड) घेतला तर उरतात २१, म्हणजे व्याज ५ऐवजी ४. एका डॉलरच्या तोट्यासाठी डाव वाचवणारा जोकर सोडणं हा सौदा वाईटच. डाव संपला की खिशातल्या ४० डॉलरची किंमत शून्य असते.

चूक: अनलॉक झालं की ताकद वाढेल ही आशा

इथे प्रत्येक खेळाचा नियम वेगळा आहे, आणि तो न बघता खेळणाऱ्यांची फार निराशा होते. ‘रोगबुक’ (२०२१) मध्ये गोळा केलेली पानं खर्चून पुढच्या डावांना उपयोगी पडणाऱ्या कायमच्या सुधारणा घेता येतात. तिथे हरत हरतही बळ वाढतं. ‘मॉन्स्टर ट्रेन’मध्ये प्रत्येक कुळाची पातळी दहापर्यंत चढते आणि नवी कार्डं उघडतात. स्पायरमध्ये हरलेल्या डावाचे गुणही जमा होतात आणि प्रत्येक पात्राचे पाच टप्पे उघडतात. पण उघडतं काय? नवी कार्डं आणि रेलिक, तीही समोर येण्याच्या शक्यतेत. आयर्नक्लॅड त्यानंतरही ८० एचपी आणि त्याच १० कार्डांनी सुरू करतो. तेव्हा ‘सगळं अनलॉक झालं की जिंकेन’ म्हणून घाईघाईत डाव उडवू नका, त्यातून हाती काही लागत नाही.

याचीच जुळी चूक म्हणजे सुरुवात आवडली नाही म्हणून डाव सोडून देणं. स्पायर याची किंमत वसूल करतो. मागच्या डावात पहिल्या बॉसपर्यंत पोचला नसाल तर डावाच्या सुरुवातीला वरदान देणारी नीओ पुढच्या वेळी दोनच पर्याय देते: थोडे जास्त कमाल एचपी, किंवा पहिल्या तीन लढायांत शत्रूंना एकच एचपी. पहिलं रेलिक बदलून बॉस रेलिक घेण्यासारखे मोठे पर्याय हवे असतील तर मागचा डाव बॉसपर्यंत रेटायलाच हवा. मला हा नियम फार आवडतो, वाईट सुरुवातीतूनच खेळ शिकायला मिळतो.

‘इन्स्क्रिप्शन’ने (२०२१) तर हरण्यालाच मिळकत केलं आहे. डाव हरलात की त्या डावातल्या कार्डांमधून एकाची किंमत, दुसऱ्याचे आकडे, तिसऱ्याची खूण घेऊन तुम्ही नवं कार्ड घडवता, आणि ते पुढच्या डावांत तुमच्यासमोर येऊ शकतं. चांगली कार्डं हाताशी असताना हरणं तिथे अक्षरशः फायद्याचं ठरतं.

चूक: असेन्शन चढण्याची घाई

स्पायरमध्ये असेन्शनचे २० टप्पे आहेत, आणि प्रत्येक पात्राचे वेगळे. आयर्नक्लॅडने दहावा गाठला म्हणून सायलेंट हे दुसरं पात्रही तिथूनच सुरू होत नाही. उघडलेला टप्पा हरल्याने बंद होत नाही, आणि खालच्या टप्प्यावर खेळायची मुभा नेहमी असते. अडकलात तर दोन-तीन पायऱ्या खाली येऊन खेळा. टप्पा ६वर तुम्ही जखमी अवस्थेतच सुरू करता, १०वर डेकमध्ये काढता न येणारं कर्स असतं. तिथे वरचे एचपीचे आणि कार्डांचे हिशेब हाताशी नसतील तर दमछाक होते.

प्रगतीच गायब झाली तर

घाबरण्याआधी प्रोफाइल तपासा. स्पायर आणि बलाट्रो दोन्हींत तीन-तीन प्रोफाइल ठेवता येतात, आणि घरात दुसरं कोणी खेळत असेल तर चुकून त्यांच्या प्रोफाइलवर असण्याची शक्यता मोठी. फोनवरची प्रगती स्टीमवर (संगणकावरच्या आवृत्तीत) येईल अशी अपेक्षा स्पायरमध्ये ठेवू नका, दोन्ही वेगळ्या आहेत.

अनलॉक होत नसेल तर सीड (डावाची मांडणी ठरवणारा कोड) टाकून खेळताय का बघा. मित्राने पाठवलेला सीड भरून खेळलेला डाव दोन्ही खेळांत अनलॉकसाठी धरत नाहीत. बलाट्रोच्या प्रोफाइलमध्ये ‘अनलॉक ऑल’चं बटणही आहे; ते दाबलंत तर सगळं उघडतं, पण त्या प्रोफाइलवर अचिव्हमेंट मिळणं बंद होतं. सहज म्हणून दाबायचं असेल तर रिकाम्या प्रोफाइलवर दाबा.

मधेच फोन आला, बॅटरी गेली, तर स्पायरमधली लढाई जिथे सोडली तिथून नाही, पहिल्या पाळीपासून सुरू होते, आणि गेलेले एचपी, वापरलेली पोशन परत आलेली असतात.

आणि डाव हरल्यावर लगेच नवा मांडण्याआधी स्टॅटिस्टिक्समधली ‘रन हिस्टरी’ उघडा. प्रत्येक मजल्यावर किती एचपी गेले, कोणतं कार्ड घेतलं, कोणती दोन सोडली, सगळं तिथे असतं. सगळ्यात जास्त नुकसान झालेल्या दोन लढाया शोधा आणि त्यांच्या आधीच्या तीन-चार मजल्यांवर घेतलेली कार्डं बघा. त्यातलं एखादं त्या लढाईत एकदाही हातात आल्याचं आठवत नसेल, तर पुढच्या डावात ते कार्ड दिसल्यावर स्किप दाबा.