या चुका टाळा: चालता न येणाऱ्या मुलासाठी बटणावरची गाडी

बॅटरीवर चालणारी खेळण्यातली गाडी घ्यायची, पेडलऐवजी हाताने दाबायचं मोठं बटण बसवायचं आणि चालता न येणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या मुलाला आपलं आपण फिरू द्यायचं. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात सुरू झालेल्या 'गो बेबी गो' या उपक्रमामुळे ही कल्पना जगभर पोचली. गोव्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना हा प्रकल्प करण्यासारखा आहे. मात्र बटणावरून हात सुटला की गाडी थांबलीच पाहिजे, आणि बहुतेक चुका नेमक्या इथेच होतात.

पहिली आणि सगळ्यांत घातक चूक म्हणजे मोटरचा करंट थेट बटणातून नेणं. बटणाखालच्या मायक्रोस्विचवर १० अँपिअर लिहिलेलं दिसतं, पण तो आकडा सहसा एसीचा असतो. डीसीमध्ये, म्हणजे बॅटरीच्या विजेत, ठिणगी सहज विझत नाही आणि मोटर सुरू होतानाचा झटकाही मोठा असतो. काही दिवसांत स्विचच्या आतले संपर्क एकमेकांना चिकटतात. मग हात काढला तरी गाडी पळत राहते. म्हणून बटणाने फक्त रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, चालवायचा. मोटारगाड्यांचं वायरिंग करणाऱ्यांकडे १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा रिले मिळतो. तो पाच पायांचाच मागा, कारण पुढची चूक तिथेच दडलेली आहे.

पेडल सोडल्यावर बऱ्याच गाड्यांत मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात आणि तोच गाडीचा ब्रेक असतो. साधं चालू-बंद बटण लावलं की हा ब्रेक जातो. प्रयोगशाळेच्या सपाट फरशीवर ते कळत नाही, पण घराच्या उतरत्या अंगणात गाडी घरंगळते. रिलेचा ३० नंबरचा पाय फॉरवर्ड-रिव्हर्स स्विचच्या आधी मोटरकडे, ८७ बॅटरीच्या धन टोकाला आणि ८७-ए ऋण टोकाला जोडा. रिलेतल्या, बटणाने चालणाऱ्या कॉइलवर १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका, पट्टीची बाजू धनाकडे.

रिलेही कधीतरी चिकटू शकतो. त्यासाठी मागच्या बाजूला, मोठ्या माणसाच्या हाताला येईल असा बॅटरीच तोडणारा डीसीचा स्विच हवाच. बॅटरीपासून १५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज ठेवा. मूळ फ्यूज 'मध्ये येतो' म्हणून काढू नका.

रिमोटवाल्या गाडीत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, आणि पेडलच्या तारा बोर्डाकडे जातात की मोटरकडे, हे आधी मीटरने तपासा. बोर्डात हळू सुरू होण्याची सोय असेल तर तो काढूच नका. झटक्याने निघालेल्या गाडीत मान न सावरणाऱ्या मुलाचं डोकं मागे फेकलं जातं, आणि दचकलेलं मूल पुन्हा बटणाला हात लावायला धजत नाही.

बैठक मोठ्यांच्या मापाने करू नका. ढुंगणापासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत मोजा, त्यातून २-३ सेंटिमीटर वजा करा. पट्टा आधी कमरेला, मानेला कधीच नाही. बटणाची जागा फिजिओथेरपिस्टसमोर आधी पुठ्ठ्याने ठरवा आणि मगच भोक पाडा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागेल असा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावणारा सुटा भाग राहू देऊ नका. बटणासारखा चपटा छोटा सेल तर नकोच, गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

चाचणी मुलावर करू नका. सीटवर १५ किलो वाळूची पिशवी बांधा, उतारावर पन्नास वेळा बटण दाबून सोडा आणि दर वेळी थांबायला किती अंतर लागतं ते मोजा. अंतर वाढत गेलं किंवा रिले हाताला चटका देऊ लागला, तर तिथेच थांबून कारण शोधा. टाइल्सवर प्लास्टिकची चाकं घसरतात, त्यांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी स्क्रूने आवळा.

उरला आपला पाऊस आणि खारी हवा. ब्रेडबोर्डवरचं (न झाळता, तारा नुसत्या खोचून केलेलं) सर्किट जूनमध्ये दिलंत तर चवथीपर्यंत तारा हिरव्या पडतील. जोड झाळा, वर गोंदवाली हीट-श्रिंक नळी चढवा, स्क्रू स्टेनलेसचे वापरा. स्पंजला बुरशी येते. पाणी न शोषणारा ईव्हीए फोम घ्या. शिशाची बॅटरी गाडी पडून असली तरी महिन्याला एकदा चार्ज झालीच पाहिजे.

गाडी घरी देताना दोन जादा फ्यूज द्या आणि मागचा स्विच आजीकडूनही दाबून घ्या. दुपारी मुलाजवळ बहुधा तीच असते.