जुने अलॉय स्वतः विकायचे असतील तर

"४ होल आहेत, कोणत्याही गाडीला लागतात." अलॉयच्या, म्हणजे मिश्रधातूच्या चाकांच्या, जाहिरातीत हे वाक्य दिसलं की मी पुढे सरकतो. एकेकाळी मीही तेच लिहायचो.

धुणं-पुसणं, उजेडात फोटो काढणं तुम्हाला येतंच. फक्त आतल्या बाजूचाही फोटो टाका. बाहेरून सगळेच चमकवतात. वाकलेली कड आणि बारीक तडा आत असतो. टायरसकट देत असाल तर साइडवॉलवरचा (टायरच्या बाजूच्या भिंतीवरचा) चार आकडी कोडही लिहा: २३२१ म्हणजे २०२१ चा २३वा आठवडा. आणि मे महिन्यात सेट गच्चीवर ठेवू नका राजेहो, रबर तडकतं.

आता मापं. माझं घोडं इथंच पेंड खात होतं. आय-ट्वेंटीचा कंपनीचा सेट मी कामठीच्या एका पोराला त्याच्या जुन्या होंडा सिटीसाठी विकला. दोन्ही गाड्यांचा पीसीडी, म्हणजे नटांच्या होलमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, ४×१०० (४ होल, १०० मिमी), मग अडचण काय? संध्याकाळी फोन: "भाऊ, चाक आतच जाऊन नाही राहिलं." मधलं भोक, म्हणजे सेंटर बोअर, आय-ट्वेंटीचं ५४.१ मिमी आणि सिटीचा हब, म्हणजे गाडीचा ज्यावर चाक बसतं तो गोल भाग, ५६.१. दोन मिलिमीटरपायी पैसे परत दिले, वर टेम्पोचं भाडं माझ्या खिशातून गेलं.

भोक मोठं असेल तर हब रिंग, म्हणजे मधली फट भरणारी कडी, टाकून भागतं. लहान असेल तर सौदा सोडा. "लेथवर वाढवून घेऊ" म्हणणारे भेटतील. चाकाच्या बाबतीत असला जुगाड मी करू देत नाही.

पीसीडी मोजताना ४ होलला समोरासमोरच्या होलचं मध्य ते मध्य अंतर घ्या. ५ होलला समोर होल नसतं, म्हणून लोक अंदाज ठोकतात. शेजारच्या दोन होलच्या मध्यांतलं अंतर मोजा: ५८.८ मिमी आलं तर ५×१०० (पोलोचा हाच), ६७.२ आलं तर ५×११४.३. टेप नको, व्हर्नियर घ्या. मग चाकाच्या मागे कोरलेला 'ईटी' आकडा, म्हणजे ऑफसेट: चाकाची हबला टेकणारी बाजू रुंदीच्या मध्यापासून किती मिमी सरकलेली आहे ते. ईटी जितका कमी, तितकं चाक बाहेर येतं आणि मागे माणसं बसली की फेंडरला घासतं. रुंदी, पीसीडी, बोअर, ईटी असे चारही आकडे जाहिरातीत लिहा. निम्मे फालतू फोन तिथेच बंद होतात.

"लास्ट किती लावता?" असं गाडीचं मॉडेल न सांगता विचारणाऱ्याला भाव सांगू नका.

सौदा ओळखीच्या टायरवाल्याकडे करा. चारही चाकं बॅलन्सिंग मशीनवर फिरवून दाखवा, एक गिऱ्हाइकाच्या गाडीला लावून पाहू द्या. बाहेरगावी ट्रॅव्हल्सनं पाठवायचं तर पूर्ण पैसे आधी. "मी फौजेत आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील" म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा.

नट सोबत देणार असाल तर बसण, म्हणजे नटाच्या चाकाला टेकणाऱ्या भागाचा आकार, सांगा. होंडाचे कंपनीचे नट गोल बसणीचे असतात, बाजारच्या अलॉयला बहुतेक शंकूच्या बसणीचे लागतात. चुकीचे नट आवळलेले दिसतात आणि चालत्या गाडीत सैल होतात. मी आता नट आणि रिंगा पिशवीत भरून चाकालाच बांधून देतो.