सेल्फ मारला की नुसता ‘टक्’? जुन्या ट्रॅक्टरच्या वायरिंगमध्ये या चुका टाळा

ऑक्टोबर छाटणी झाली की निफाडच्या द्राक्षपट्ट्यात ट्रॅक्टरची खरी परीक्षा सुरू होते. रात्रभर दव पडलं, सकाळी आभाळ आलं की डाऊनीच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या) धास्तीने पहाटे पाचलाच फवारणीचा ब्लोअर जोडून बागेत शिरावं लागतं. आणि नेमकी तेव्हाच चावी फिरवली की सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) ‘टक्’ करतो आणि गप्प. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. थंडीत बॅटरीची ताकद घटते, इंजिन ऑइल घट्ट होतं, आणि उन्हाळाभर दबून राहिलेला वायरिंगचा दोष वर येतो.

आमचा जुना ट्रॅक्टर मी कित्येक वर्षं घरीच सांभाळतो, भाऊबंदांचेही पाहतो. या कामात पैसा पार्ट बिघडल्यामुळे जितका जातो, त्याहून जास्त न मोजता पार्ट बदलल्यामुळे जातो. पण पैशाचं नंतर. आधी जिवाचं.

पान्याने सेल्फ डायरेक्ट मारू नका

चावीवर सेल्फ उचलत नाही म्हटलं की हात आपोआप पान्याकडे किंवा स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. सोलेनॉइडवरचा (सेल्फला मोठा करंट जोडून देणारा चुंबकी स्विच) बॅटरीचा जाड बोल्ट आणि बारीक वायरची पिन एकमेकांना टेकवली की ठिणगी उडते आणि इंजिन फिरतं. हे गावोगाव चालतं. आमच्याकडेही चालायचं.

एका पहाटे माझ्या चुलतभावाने तेच केलं. आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टर बांधाच्या उताराला लावला होता आणि घसरू नये म्हणून गिअरमध्ये ठेवला होता. अंधारात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तो पुढचं चाक आणि मागचं मोठं चाक यांच्या मधोमध वाकून उभा होता. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. इंजिन फिरलं, पंपाने डिझेल दिलं की ते पेटतं. पहिल्याच फेऱ्यात इंजिन चालू झालं आणि ट्रॅक्टर सरळ पुढे निघाला. मागच्या टायरने त्याची चप्पल ओढून घेतली, तो बांधावर मागे पडला म्हणून पाय वाचला. ट्रॅक्टर मांडवाच्या लोखंडी अँगलला जाऊन अडला. तो वाकलेला अँगल आम्ही अजून बदललेला नाही.

क्लचचा किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच असतो तो याचसाठी. गिअरमध्ये असताना सेल्फला करंट जाऊ नये, एवढंच त्याचं काम. पान्याने डायरेक्ट मारताना आपण तो स्विच वगळून टाकतो. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत तर कुणीतरी आधीच त्याच्या दोन वायरी पिळून जोडून ठेवलेल्या असतात. तुमच्या ट्रॅक्टरचं तसं असेल तर आजच नवा स्विच बसवा. महाग वस्तू नाही.

तपासणीसाठी सेल्फ फिरवायचाच असेल तर गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगडाचं टेकण आणि इंजिन बंद करायचा नॉब ओढून धरलेला. एक माणूस सीटवर, तोच चावी फिरवणार. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) धरणारा चाकाच्या वाटेत उभा राहणार नाही.

आवाज न ऐकताच बॅटरी बदलणं

सगळ्यात महागडी चूक हीच. सेल्फ उचलला नाही की बॅटरी गेली, असं धरून चालतात. नवी बॅटरी टाकली की चार दिवस बरं चालतं, कारण ताज्या बॅटरीत दोष झाकण्याइतका जोर असतो. पाचव्या दिवशी पुन्हा ‘टक्’.

आधी कान द्या. काहीच आवाज नाही, तर बॅटरीपासून चावी, चावीपासून सेफ्टी स्विच आणि तिथून सोलेनॉइडपर्यंतच्या बारीक वायरच्या लाइनमध्ये कुठेतरी तुटलंय. ‘टकटकटकटक’ असा भरभर आवाज येत असेल, तर सोलेनॉइड ओढतो, मोटरने करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि तो पुन्हा ओढतो. म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा जाड केबलचा जोड सैल आहे. एकच दणकट ‘टक्’ आणि मग शांतता असेल, तर जाड केबल आणि अर्थ (बॅटरीच्या मायनसपासून बॉडीपर्यंतचा जोड) आधी बघा. ते ठीक निघाले तरच सोलेनॉइडच्या आतले जळालेले कॉन्टॅक्ट किंवा सेल्फमधले झिजलेले कार्बन ब्रश यांच्याकडे वळा.

मीटर नसेल तर हेडलाइट लावा आणि चावी फिरवा. दिवे विझण्याइतके मंद झाले तर बॅटरी किंवा तिचे जोड. दिवे होते तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ हललाही नाही, तर सेल्फपर्यंत करंटच पोचत नाही. बॅटरीला दोष देऊ नका.

आणि इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर वायरिंग उचकू नका. बंद करायचा नॉब ओढलेलाच राहिलाय का, डिझेल लाइनमध्ये हवा धरलीय का, ते बघा. पंपावर इलेक्ट्रिक स्टॉप सोलेनॉइड असलेल्या ट्रॅक्टरांत मात्र त्याची वायरही तपासावी लागते.

अर्थ विसरणं

दहा ट्रॅक्टर पाहिले तर निम्म्यांत मला दोष अर्थचाच सापडतो. प्लस केबलकडे सगळे बघतात, मायनसकडे कुणी बघत नाही. जितका करंट प्लसने जातो तितकाच मायनसने परत यावा लागतो.

हिशेब सोपा आहे. सेल्फ फिरताना दोनशे अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढतो. अर्थच्या बोल्टखाली गंज बसून फक्त ०.०१ ओहमचा अडथळा आला तरी २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच संपतात. १२ व्होल्टच्या गाडीत २ व्होल्ट म्हणजे थोडे नाहीत. ते ४०० वॅटची उष्णता होऊन निघतात, म्हणून दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर तो लग (केबलच्या टोकाचा धातूचा तुकडा) हाताला गरम लागतो. मीटर नसलेल्यांनी ही खूण लक्षात ठेवावी: जो जोड तापला, तिथे चोरी आहे.

द्राक्षाच्या ट्रॅक्टरला हा त्रास जास्त, कारण बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची फवारणी. मोरचुदाचं पाणी लोखंडावर बसलं की लोखंड खातं आणि त्यावर लालसर तांब्याचा थर धरतं. गिअरबॉक्सवरचा अर्थचा बोल्ट, त्याखालचा वॉशर, जाळीची पट्टी, सगळ्यांवर तो तुषार येऊन वाळतो. दुसरं कारण रंग. दसऱ्याआधी हौसेने ट्रॅक्टरला कलर मारतात आणि अर्थचा लग रंगावरच आवळतात. बोल्ट घट्ट असतो, दिसायलाही सुंदर, पण करंटला वाट नाही. सेल्फ काढून परत बसवताना त्याच्या तोंडावर रंग किंवा गंज राहिला तरी हेच होतं, कारण सेल्फला अर्थ त्याच्या बॉडीतून मिळतो.

मोजायचं असं. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावा. एक सुई बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर. क्लॅम्पवर नाही, खुंटावरच. नाहीतर क्लॅम्प आणि खुंट यांच्यातला दोष हुकतो. दुसरी सुई सेल्फच्या बॉडीवर, रंग खरवडून. आता साथीदाराला चावी फिरवायला सांगा. मीटर ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत गेला तर अर्थ ठीक. ०.८ किंवा १ दाखवला तर दोष सापडला. मग सुई एकेक जोड मागे आणत या. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम पडतो, तोच गुन्हेगार.

हीच युक्ती प्लसला. एक सुई प्लसच्या खुंटावर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. सेल्फ फिरताना ०.५ व्होल्टच्या आत हवं.

बॅटरीचा निवाडाही मीटरच करतो. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरवर १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा, मग बोला. भरलेली असूनही सेल्फ मारताना ९.५ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी संपली, किंवा सेल्फ आतून जाम होऊन बेसुमार करंट ओढतोय.

अर्थ साफ करताना १२० नंबरच्या पॉलिश पेपरने धातू चकचकीत उघडा करा, काटेरी वॉशर टाका, आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन लावा. ग्रीस आधी लावून जोड आवळू नका. खुंटावरचा पांढरा-हिरवा फुलोरा खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने जातो, पण ते पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका. केबल लगजवळ फुगलेली किंवा कडक लागली तर तिथलं कव्हर चिरून बघा. आत हिरवी पूड दिसली तर पॉलिश करत बसू नका, केबलच बदला.

वायर पिळायची आणि पट्टी गुंडाळायची

काळी चिकटपट्टी इंजिनाच्या उष्णतेने आणि डिझेलच्या ओशटपणाने दोन हंगामांत सुटते. पिळलेला जोड थरथरीने सैल होतो. थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून किंवा डाग (सोल्डर) देऊन जोड करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. कांद्याच्या चाळीत ट्रॅक्टर उभा राहत असेल तर उंदीर आलेच. डॅशबोर्डखालचा आणि बॅटरीच्या पेटीमागचा वायरींचा जुडगा महिन्यातून एकदा टॉर्च लावून बघा.

फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी (सिगारेटच्या पाकिटातला चकचकीत कागद) घालणं याहून वाईट. फ्यूज उडतो कारण कुठेतरी वायर उघडी पडून बॉडीला लागलीय. तार घातली की फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. उसाच्या पाचटात किंवा कडब्याजवळ उभा ट्रॅक्टर असा पेटला तर विझवायला वेळ मिळत नाही.

चावीचा स्विच पुन्हा पुन्हा बदलणं

वर्षात दोन स्विच गेले म्हणून दुकानदाराला बोल लावणारे भेटतात. मूळ कारण वेगळं असतं. सोलेनॉइड ओढताना लागणारा सगळा करंट त्या छोट्या स्विचमधून आणि जुनाट बारीक वायरीतून जातो. बऱ्याच स्विचवर आणि सोलेनॉइडवर आकडे कोरलेले असतात: ३० म्हणजे बॅटरीकडून आलेली, १५ म्हणजे चावी ऑन असताना चालू, ५० म्हणजे सेल्फकडे जाणारी. चावी फिरवलेली असताना सोलेनॉइडच्या ५० वर व्होल्ट मोजा. १० च्या वर येत नसतील तर मागे सरकत सेफ्टी स्विच, मग चावी, मग फ्यूज असं तपासा.

कायमचा उपाय म्हणजे रिले, थोड्या करंटवर ओढून मोठा करंट जोडणारा छोटा स्विच. त्याच्या पिनांवरही आकडे असतात. बॅटरीच्या केबलवरून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून ४ स्क्वेअर एमएमची वायर रिलेच्या ३० ला, ८७ वरून सोलेनॉइडच्या ५० ला, चावीकडची वायर ८६ ला आणि ८५ अर्थला. आता चावीला फक्त रिले ओढायचा असतो. सेफ्टी स्विच चावी आणि ८६ यांच्या मध्येच राहू द्या. रिले लावताना तो वगळला तर पुन्हा त्या पहाटेसारखंच होईल. रिले बसवताना पिना खाली येतील असा बसवा, फवारणीचं पाणी आत साठत नाही.

बॅटरी काढताना-लावताना

काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. प्लस खोलताना पाना बॉडीला लागला आणि मायनस जोडलेला असेल तर पान्यातून पूर्ण बॅटरी शॉर्ट होते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला एक ठिणगी पुरते. दुसऱ्या ट्रॅक्टरवरून केबल लावताना म्हणूनच शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीच्या मायनसला न लावता लांब इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावतात.

अल्टरनेटर असेल तर चालू इंजिनावर बॅटरीची वायर कधीच काढू नका. ‘चार्जिंग होतंय का’ हे बघायची ती जुनी पद्धत आहे, आणि तिने अल्टरनेटरचे डायोड जातात. चार्जिंग मीटरवर बघा: इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडवा आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी जवळ लावा.

आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका. मग मिनिटभर थांबा, तेवढ्यात हात लावून बघा कुठला जोड तापलाय.