बांधावरून ताटात : पोषणासाठी मिश्र शेतीची आखणी

सह्याद्रीच्या कुशीत एक-दोन एकर भातशेती असलेल्या कुटुंबाने आखणी करताना शेताआधी आठवड्याचे जेवण कागदावर मांडावे. ताटात काय नाही, हे त्यातूनच दिसते. वरकस उतारावर नाचणी घ्यावी, कारण १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि पांढऱ्या तांदळात त्याचा विसावा भागही नसतो. बांधावर तूर टोकावी. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरावा, म्हणजे कडधान्य घरचे होते आणि मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्रही मिळते.

बांधावर तणनाशक मात्र फवारू नये. ज्याला आपण तण म्हणतो, त्यातच टाकळा, कुर्डू आणि घोळ असतात. त्यांची कोवळी पाने खुडून भाजी करावी आणि वर लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतले लोह अधिक अंगी लागते. शिवाय बांधावरच्या फुलांवर जगणाऱ्या मधमाश्याच भोपळ्याच्या मादीफुलापर्यंत पराग नेतात. (फुलामागचा बोराएवढा भोपळा पिवळा पडून गळू लागला, तर परागीभवन चुकले असे बहुधा समजावे.)

बियाणे घरचेच राखावे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक याच पद्धतीने उभी केली; २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. निरोगी फळ वेलावरच पिकू द्यावे, बी सुकवून राखेत घोळावे आणि मडक्यात ठेवून तोंड शेणमातीने लिंपावे.