पहिलं पिवळं कार्ड वेळेवर काढा

फुटबॉल रेफरीची परीक्षा द्यायची म्हणून नागपुरातली पोरं-पोरी भेटायला येतात, तेव्हा नियम पाठ झालेले असतात. अडतं ते एकाच ठिकाणी: लहान मुलाला कार्ड दाखवायला हात उचलत नाही. माझाही उचलला नव्हता.

१४ वर्षांखालील शालेय सामना होता. पावसाळा, काळ्या मातीचा चिखल. एका संघाचा कर्णधार प्रत्येक शिट्टीला, ''काहून मॅडम, दिसत नाही का?'' म्हणायचा. लेकरू आहे, म्हणून मी सोडून दिलं. मध्यांतरापर्यंत त्याचा अख्खा संघ तसं बोलायला लागला. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या संघातल्या एकाने चिडून बॉल नसताना मागून लाथ घातली. लाल कार्ड द्यावंच लागलं. ते पोरगं रडत बाहेर गेलं. लाथ त्याची होती, पण सामना हातातून सोडला होता मी. कर्णधाराला दहाव्या मिनिटाला पिवळं दाखवलं असतं, तर तो मुलगा बहुतेक शेवटपर्यंत खेळला असता.

तेव्हापासून मी पायऱ्या सोडत नाही. आधी नुसती नजर. मग धावता धावता एक वाक्य, ''बस झालं, आता खेळ.'' तरी थांबला नाही तर खेळ थांबल्यावर कर्णधाराला बोलावून त्याच्यासमोर समज. पुढचा शब्द आला की पिवळं. मारामारीला मात्र पायऱ्या नाहीत, तिथे थेट लाल. गोल चुकल्यावर स्वतःवरच ''अरे यार!'' म्हणून ओरडणारा मुलगा वेगळा आणि तुमच्याकडे हात उडवत येणारा वेगळा; हा फरक ओळखता आला की अर्धं काम झालं.

कार्ड दाखवताना मुलाला घोळक्यातून बाजूला घ्या. हात लावू नका, कार्ड त्याच्या नाकासमोर नाचवू नका. पिवळं एका खिशात, लाल दुसऱ्या. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं आली ती भाषा न कळणाऱ्यांनाही निर्णय कळावा म्हणून. ट्रॅफिक सिग्नलवरून ही कल्पना सुचली केन अ‍ॅस्टन या इंग्लिश रेफरीला. म्हणजे कार्ड हातात असताना ओरडायची गरजच नाही.

मुलांच्या सामन्यांत मला सगळ्यात पटते ती तात्पुरती बाहेर बसवण्याची शिक्षा. नियमांत तिची मुभा आहे, पण स्पर्धेने ती आधी स्वीकारलेली असावी लागते. वेळ एकूण खेळाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ६० मिनिटांच्या सामन्यात ६ ते ९ मिनिटं. मुलगा शांत होतो, आपल्याविना संघाची धावपळ बघतो आणि परत येऊन खेळतो.

आणि कोच? २०१९ पासून त्यांनाही कार्ड दाखवता येतं. बाकावरून नेमकं कोण बोललं ते कळलं नाही, तर तिथल्या सर्वात वरिष्ठ कोचला दाखवायचं. वयाने वडीलधाऱ्या सरांना पिवळं दाखवताना पहिल्यांदा माझा घसा कोरडा पडला होता. ''सर, तुमचं ऐकून मुलं बोलतात,'' एवढंच म्हटलं. त्या संघातलं एकही मूल नंतर माझ्याशी वाद घालायला आलं नाही.

रिपोर्ट त्याच संध्याकाळी लिहा. बोललेले शब्द जसेच्या तसे, शिवी असली तरी. ''असभ्य भाषा वापरली'' एवढ्यावरून शिस्त समितीला काहीच ठरवता येत नाही.