हात किती सरळ होते? चिअर स्टंटमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

"मॅडम, पोरगी तर खांद्याएवढीच वर होती, मग डिडक्शन कशाला लावायलेत?"

चिअरच्या, म्हणजे एकमेकांना उचलून कसरती करायच्या सांघिक खेळाच्या स्पर्धेत पंचांच्या टेबलासमोर उभी राहून हे मी विचारलं होतं. डिडक्शन म्हणजे कापलेले गुण. प्रशिक्षक म्हणून माझी ती दुसरी स्पर्धा. आमचा संघ लेव्हल १ मध्ये, म्हणजे सुरुवातीच्या पातळीवर होता. या पातळीवर फ्लायरला (वर उभी राहणारी) बेसच्या (खालून उचलणारी) डोक्यावर ताठ हातांनी उचलता येत नाही. आमच्या दोन्ही बेस गुडघ्यात वाकलेल्या, हात मात्र कोपरात सरळ होऊन वर ताणलेले, आणि त्यांच्या तळव्यांवर फ्लायर उभी. जमिनीपासून मोजलं तर ती फार उंच नव्हतीच, म्हणून मी हटून बसले. सुरक्षा पंच शांतपणे म्हणाल्या, "बेस वाकल्या की उंची कमी होते, एक्स्टेंशन कमी होत नाही." एक्स्टेंशन, म्हणजे ताठ हातांनी डोक्यावर उचलणं, उंचीवर ठरत नाही; नियमपुस्तिकेत तसंच लिहिलेलं होतं. ते पान मी वाचलंही होतं, पण वाचताना डोक्यात फूट आणि इंच होते.

मी मूळची सेलूची. शाळा संपल्यावर संभाजीनगरला आले, गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात अॅक्रोबॅटिक जिम्नॅस्टिक्स शिकले, तिघींच्या गटात खाली उभी राहणारी. तिथे कोणता घटक करणार याचा कागद आधीच पंचांकडे जातो, तोल धरायचा तो 3 सेकंद धरायचा, त्यामुळे बरीचशी भांडणं मॅटवर उतरण्याआधीच मिटलेली असतात. चिअरमध्ये 16 ते 24 जणांचा संघ अडीच मिनिटांत स्टंट (उचलणं), पिरॅमिड (मनोरा), टॉस (हवेत फेकून झेलणं), टम्बलिंग (कोलांट्या) सगळं करून मोकळा होतो. पंचांना ते एकदाच दिसतं. वाद होणारच, आणि तो नेमका कशाचा आहे हे ओळखायला शिकणं हेच नवख्याचं पहिलं काम.

आपल्याकडच्या मुलामुलींना एक सवय लागलेली असते, ती समजून घ्या. गुलमंडीची दहीहंडी बघत वाढलेला पोरगा मनोऱ्याकडे बघून थर मोजतो. तिथला वादही उंचीचाच होता: 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 20 फुटांची मर्यादा कायम राहिली, 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंचीवर बंधन घालायला नकार दिला आणि 14 वर्षांखालची मुलं नकोत एवढं उरलं. चिअरची नियमपुस्तिका फुटांत बोलत नाही. ती शरीराच्या भाषेत बोलते. कंबरेची पातळी, प्रेप म्हणजे साधारण खांद्याची पातळी, आणि एक्स्टेंडेड म्हणजे फ्लायर पूर्ण ताठ आणि बेसचे हात डोक्यावर सरळ. पिरॅमिडची उंचीसुद्धा माणसांत मोजतात, दोन किंवा अडीच. बुटक्या बेसला वेगळा आणि उंच बेसला वेगळा न्याय नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी पुस्तिका आपोआप कळते. वाकलेल्या बेसचंच बघा ना: पाय आधीच वापरून झालेले, कोपरं आधीच सरळ. फ्लायर हलली तर सावरायला बेसकडे उरतं काय?

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे बॅक स्पॉट, फ्लायर पडली तर झेलायला मागे उभी असलेली स्पॉटर. प्रेक्षक फ्लायरकडे बघतात, पालक तिचेच फोटो काढतात. सुरक्षा पंचांची नजर मात्र मागे उभ्या असलेल्या मुलीवर असते. तिचं धड स्टंटच्या खाली गेलेलं चालत नाही. तिचे दोन्ही हात फ्लायरच्या तळपायाखाली किंवा बेसच्या हातांखाली गेले तर ती स्पॉटर राहत नाही. तिने घोटा धरावा, बेसचं मनगट धरावं, पण डोकं आणि मान झेलायला ती मोकळी असली पाहिजे. खालच्या पातळ्यांवर स्पॉटर सक्तीची असते, आणि ती आपल्याच संघातली हवी. पाहुण्या प्रशिक्षकाला मागे उभं करून भागत नाही.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरावाला गेले होते तेव्हाचं सांगते. बॅक स्पॉटवाली चुणचुणीत, बारावीतली. फ्लायर डळमळली की ही तिला खालून रेटून उभी करायची. सगळे टाळ्या वाजवायचे, तिलाही वाटायचं आपण स्टंट वाचवतो. तिसऱ्यांदा फ्लायर मागे कोसळली तेव्हा हिचे दोन्ही हात तळपायाखाली अडकलेले होते. फ्लायर पाठीवर पडली. खाली जाड मॅट होती म्हणून फक्त कंबर दुखावली, आठ दिवसांत बरी झाली. त्या दिवशी स्पॉटर पोरगी एका कोपऱ्यात बसून रडत होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की तिचं काम स्टंट वाचवणं नाही, माणूस वाचवणं आहे. ही चूक तिची नव्हती, शिकवणाऱ्यांची होती, आणि त्या शिकवणाऱ्यांत मीही होते.

मॅटचा विषय निघालाच आहे तर: सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर स्टंट करू नका. मराठवाड्यात बंदिस्त हॉल मिळणं किती अवघड आहे हे मला माहीत आहे. संमेलन आठ दिवसांवर आलं की शाळा म्हणते, "करा की पटांगणात, दोनच उचल्या तर आहेत." नाही म्हणा. 2006 साली अमेरिकेत बास्केटबॉलच्या सामन्यात एक विद्यार्थिनी पिरॅमिडवरून डोक्यावर पडली, मानेच्या मणक्याला इजा झाली. त्यानंतर तिथे उघड्या कोर्टावरचे बास्केट टॉस आणि उंच पिरॅमिड बंद करण्यात आले. मॅट नसेल त्या दिवशी काऊंट (ताल मोजणं), मोशन्स (हातांच्या हालचाली) आणि जंप घ्या.

दागिन्यांवरून घरच्यांशी खटके उडतात. नाकातली चमकी, पैंजण, कानातलं, काहीही चालत नाही, वरून चिकटपट्टी लावूनही नाही. वैद्यकीय माहितीची पट्टी तेवढी चालते. पालकांना स्पर्धेच्या सकाळी सांगू नका, पहिल्या आठवड्यात आईला बोलावून समजावा. माझ्यासारखे जिम्नॅस्टिक्समधून आलेले असाल तर पातळ चपट्या सपाता घरी ठेवा. इथे मऊ तळव्याचे बूट लागतात.

आता गुणांच्या वादाकडे. स्कोअरशीट भरणारे पंच आणि नियमभंग टिपणारे सुरक्षा पंच, या दोन वेगळ्या खुर्च्या आहेत. पहिले अवघडपणा आणि सफाई बघतात. दुसरे नियमात बसलं की नाही आणि पडलं की नाही एवढंच बघतात. स्टंट अप्रतिम असूनही पातळीबाहेरचा असू शकतो, आणि डिडक्शन एकही नसताना गुण कमी पडू शकतात. "एकही पडली नाही, तरी तिसरे कसे?" असं विचारणारे दरवर्षी भेटतात. न पडण्याचे वेगळे गुण नसतात. जागतिक स्पर्धांच्या गुणतक्त्यात निम्म्याहून जास्त गुण स्टंट, पिरॅमिड आणि टॉस यांनाच असतात, म्हणून सोपा स्टंट स्वच्छ करणारा संघ आणि अवघड स्टंट डळमळत करणारा संघ यांच्यात खरी चढाओढ तिथेच होते.

दाद मागायचीच असेल तर संघाच्या प्रशिक्षकानेच जायचं, मुलं आणि पालक नाहीत, आणि फक्त आपल्या संघापुरतं बोलायचं. "त्यांनीपण तेच केलं, त्यांना का नाही" या वाक्याने दार बंद होतं. नियमाचा क्रमांक, रुटीनमधली (संघाच्या पूर्ण सादरीकरणातली) वेळ आणि कोणत्या काऊंटला काय झालं, एवढं कागदावर लिहून द्या. सफाईचे गुण मागायला जाऊ नका, ते पंचांच्या नजरेचं आहे, बदलत नाही. व्हिडिओ बघणार का, हे प्रत्येक स्पर्धेत वेगळं असतं, म्हणून आदल्या दिवशीच्या बैठकीत विचारून घ्या. शंका असलेल्या स्टंटचा व्हिडिओ आधीच आयोजकांच्या नियम समितीला दाखवता आला तर फारच उत्तम. मी आता प्रत्येक स्पर्धेआधी तसं करते.

पुढे पंच व्हायचं असेल तर इंटरनॅशनल चिअर युनियनचे प्रशिक्षकांसाठी आणि पंचांसाठी कोर्स असतात. ही संस्था 2004 ची, आणि 2021 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली. घरी "हा काय खेळ आहे का, ते आयपीएलमधलं ना?" असं विचारलं तर हे सांगा. मात्र ग्रेस मार्क आणि नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण यांच्या भरवशावर पोरांना बोलावू नका. कोणत्या खेळाचं, कोणत्या संघटनेचं प्रमाणपत्र चालतं हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, आणि मगच पालकांशी बोला.

नियमपुस्तिकेच्या पहिल्या पानावरचं वर्ष बघा. मागच्या हंगामाची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरत राहते आणि त्यावरून बसवलेलं रुटीन स्पर्धेत अडकतं. सरावाच्या पहिल्या दिवशी मी मुलींना उचल्या शिकवत नाही. सगळ्यांना गोल बसवते, प्रेप आणि एक्स्टेंशनची व्याख्या मराठीत मोठ्याने वाचायला लावते, मग दोघींना उभं करून विचारते: हिचे हात आत्ता कुठे आहेत? उत्तर एकमुखाने येईपर्यंत पुढचं पान उलटत नाही.